ओंडक्यापाशी

या मायबाप, जवळ सरा, आमच्या बोलिव्हियाच्या रानातली गोष्ट सांगते. अभयारण्यात सेवेला नव्याने आलेल्या रुफिनोच्या कमरेला दोर होता आणि दोराला साया, माणसांत वाढलेली आमची पुमा मादी. रोजच्या फेरीत एका आडव्या ओंडक्यापाशी ती थबकली. रुफिनोने दोर ओढला, तशी तिने दात विचकले.

“ओढतोस काय, गाढव आहे का ती? बस खाली!” त्याला काम शिकवायला मागून चालणारी मी ओरडले.

रुफिनो ओंडक्यावर टेकला. सायाने उघडा जबडा थेट त्याच्या डाव्या गुडघ्याशी नेला आणि ती गुडघा चाटू लागली.



अकरा वर्षं तिला फिरवणारे निकानोरकाका आपला दुखरा डावा गुडघा चोळायला रोज इथंच बसायचे; गेल्या महिन्यात ते देवाघरी गेले, हात जोडाल तेव्हा त्यांचंही नाव घ्या.