सारवलेलं अंगण

भेगाळलेल्या खेळपट्टीवर मच्छिंद्रचा चेंडू हातभर वळायचा. सपाट खेळपट्टीवर मात्र त्याला कुणीही झोडायचं. अंबडच्या सामन्यांआधी तो घरच्या अंगणात सराव करायचा, पण त्याची बायको वंदना ते अंगण सारखं शेणाने सारवायची.

"सारवू नको गं बाई. भेगा पडू दे, मंग बघ माझा चेंडू!"

"म्हंजी लोकं इचारतील, या घरात बाई न्हाई का म्हणून!"

यंदा अंगणभर भेगा पडल्या. मच्छिंद्रने एकट्यानेच एक चेंडू टाकला. तो हातभर वळला आणि गार पडलेल्या चुलीला जाऊन लागला.

मच्छिंद्रने तो उचलला नाही. बादलीत पाणी घेतलं आणि शेण कालवायला बसला.