उष्टावण

"चाप घासून इतका हलका केलाय, बाळाच्या बोटानंही ओढला जाईल," नवरा फुशारकीनं म्हणाला. "माझ्याइतका नाही हं!" दीर हसला. बाळाच्या उष्टावणाची खीर गार होत होती आणि दोघे भाऊ आपापली जुन्या घडणीची पिस्तुलं तोलत बसले होते. पिस्तुलांना चोपडलेल्या तेलाच्या वासानं बाळाच्या आईनं नाकाला पदर लावला.

"रिकामं आहे गं," म्हणत नवऱ्यानं आपलं पिस्तूल पाटावर पुस्तक-पेनाशेजारी ठेवलं. "बघू, आमचा वाघ काय उचलतो!"

बाळ रांगत गेलं आणि पिस्तुलाची नळी हिरड्यांत धरून चोखू लागलं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

तिनं बाळाला उचललं, पदरानं त्याची तेलानं काळवंडलेली जीभ पुसली. तिच्या भावानं खिरीची वाटी पुढे केली.

"राहू दे दादा," ती म्हणाली. "उष्टावण झालं त्याचं."