घोळीचा आवाज

"धूर नाही, डिझेलचा वास नाही. ही कसली होडी?" असं पुटपुटत धर्मा तांडेल सून वैजयंतीच्या शेजारी बसले.

होड्यांच्या धुरानं समुद्र तापतो आणि मासळी लांब जाते, हे वैजयंती बंदरावर सांगायची तेव्हा सगळे हसायचे. सासरेसुद्धा. तिनं मात्र खपून जुन्या होडीचं इंजिन काढलं आणि बॅटरीवर चालणारी मोटर बसवली.

बंदर मागे पडलं. एकाएकी तांडेलांनी कान टवकारले. "थांबव गो!"

"काय बिघडलं, मामा?" वैजयंतीनं मोटर बंद केली.

त्यांनी वल्हं पाण्यात सोडलं आणि दांडा कानाला लावला. खाली घोळ माशांचा थवा घुमत होता, आणि तो आवाज वल्ह्यातून वर येत होता. शिडाच्या होड्यांच्या काळात ते असेच ऐकून मासळी हेरायचे. इंजिनांच्या धडधडीत ती विद्या बुडाली होती. भरल्या डोळ्यांनी त्यांनी वल्हं सुनेच्या कानाशी धरलं.

तेवढ्यात काळा धूर ओकत एक ट्रॉलर जवळ आला. तांडेल टोपी हलवत उभे राहिले.

"इंजिन बंद करा रे! माझी सून काय सांगते ते ऐका!"