पहिली सही

व्हर्नाने दातांनी हातमोजा ओढून काढला, गारठलेल्या पेनावर दोन फुंकरी मारल्या आणि कागद शेजारच्या मुलीपुढे धरला. डोंगरमाथ्यावर नेणाऱ्या स्की-लिफ्टच्या खुर्चीतून कुणाला उठून जाता येत नाही. सात मिनिटं माणूस हक्काचा. हिवाळाभरात तिने अशाच विरोधाच्या दोनशे अकरा सह्या गोळा केल्या होत्या, आणि आज चारच्या बैठकीत त्या स्की-रिसॉर्टच्या मॅनेजरच्या टेबलावर आपटायच्या होत्या. सॉयरच्या घळीवर बुलडोझर फिरवून तिथे स्कीचं आणखी एक पार्क करायचं घाटत होतं. ज्या पोरांना नुसता डोंगर पुरत नाही त्यांच्यासाठी बर्फाचे उंचवटे आणि लोखंडी कठडे, उड्या मारायला.

"मी नाही करणार सही," मुलगी म्हणाली. हेल्मेटवर तिने आपलं नाव रंगवलं होतं, केलिन. "आम्हाला हवीय ती घळ."

"पार्कवाली आहेस होय! अगं, कठड्यावरून घसरायला डोंगर कशाला लागतो? तुमच्या शाळेच्या जिन्याला नाहीत का कठडे?"

"आहेत की. तिथूनच तर सुरुवात केली," केलिन हसली. "आणि आजी, तुम्ही तरी काय करता? वरून खाली येता, परत वर जाता. रोज तेच."

व्हर्नाच्या ओठांवर चांगलं सणसणीत उत्तर आलं होतं. पण खुर्ची तेव्हा आधीपासूनच्या छोट्या पार्कावरून चालली होती. खाली उडीच्या मोठ्या उंचवट्याच्या माथ्यावर नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस हात वर करून "येतोय!" असं ओरडला आणि निघाला. तीनच वळणं घेतली त्याने. डोंगरावर कुणी कुणाला चेहऱ्याने ओळखत नाही, चेहरा गॉगलखाली असतो. माणूस ओळखायचा वळणावरून. उजवीकडे वळताना डावा खांदा असा पाडणारा माणूस या डोंगरावर एकच होता, आणि त्याच्याशी तिचं लग्न होऊन चौतीस वर्षं झाली होती.

तो उडाला. स्की जुळलेल्या, गुडघे पोटाशी. पलीकडच्या उतारावर मांजरासारखा अलगद उतरला. कडेच्या पोरांनी काठ्यांवर काठ्या आपटून एकच गलका केला.

पायाखालची जमीन सरकली म्हणावं, तर व्हर्नाच्या पायाखाली जमीनच नव्हती, तीस फूट हवा होती. मेरिल या वेळी खाली लॉजमध्ये गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसलेला असायला हवा होता. गेला महिनाभर जेवण झालं की तो तिथेच बसतो, असं ती समजून चालली होती.

"आमचे मेरिल आजोबा!" केलिन कौतुकाने म्हणाली. "रोज दोनला येतात. जाकीट माझ्या भावाचं आहे. घळीचं मॅनेजरला त्यांनीच सुचवलं, माहितीये? म्हणाले, उडीसाठी असा उतार अख्ख्या डोंगरात नाही. तिथला खडा न् खडा ठाऊक आहे त्यांना."

तो खडा न् खडा त्याला व्हर्नाने दाखवला होता. वडिलांच्या मागोमाग ती सातव्या वर्षापासून त्या घळीत उतरत होती. दुसरी बाई असती तर एक वेळ परवडली असती. तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या.

वर पोचताच ती आयुष्यात पहिल्यांदा पार्कात शिरली. कडेकडेने खाली आली आणि नेमकी लोक जिथे उडी मारून उतरतात तिथेच जाऊन उभी राहिली. "अहो, बाजूला व्हा!" सगळीकडून आरडाओरडा झाला. खाली पोरांशी गप्पा मारत उभ्या असलेल्या मेरिलनेच धावपळ करून तिला दंडाला धरून कडेला ओढलं.

"गुडघा कसा आहे?" तिने विचारलं.

मेरिलने गॉगल कपाळावर चढवला.

"या कागदावर पहिली सही तुझी आहे, मेरिल. पहिली!"

"तू स्वयंपाकघरात पेन पुढे केलंस, मी केली. तुला नाही म्हणणं मला कधी जमलंय?"

"म्हणून माझ्या पाठीमागे जाऊन मॅनेजरला घळ देऊन टाकलीस?"

"त्या घळीत मी चौतीस वर्षं तुझ्या मागून येतोय, व्हर्ना. तू वळलीस की वळायचं, तू थांबलीस की थांबायचं." त्याचा आवाज चढला नव्हता. "तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस. चारचौघांना ऐकू जाईल असं."

हसली असती, हे खरंच होतं. त्यामुळे ते जास्तच झोंबलं. दोनशे दहा लोकांपुढे तिने या माणसाची सही नाचवली होती, बघा, आमच्या घरात यावर दोन मतं नाहीत म्हणून.

"चारला तू माझ्या शेजारी बसणार होतास."

"बसेन की. पण मला बोलायला उभं केलंस तर खरं बोलेन." आणि एकाएकी त्याचा चेहरा उजळला. "ते जाऊ दे. तू आत्ता वर खुर्चीत होतीस ना? पाहिलीस माझी उडी? महिन्याभरात आज पहिल्यांदा नीट उतरलो गं."

तिने पाहिली होती. इतक्या वर्षांत बर्फावर त्याला इतकं सुंदर काही करताना तिने पाहिलं नव्हतं.

"नाही," व्हर्ना म्हणाली.

तो हिरमुसला, पण क्षणभरच. "मग थांब. इथेच थांब हं, जाऊ नकोस. परत मारतो." आणि तो लिफ्टकडे निघालासुद्धा.

खुर्ची दोघांची असते. जोडीला कुणी नसेल तर रांगेत तसं ओरडून सांगायचं, म्हणजे कुणीतरी येऊन शेजारी बसतं. ती हाक हिवाळाभर व्हर्नाने सह्यांसाठी दिली होती, पण मेरिलच्या तोंडून ती तिने लग्नापासून कधी ऐकली नव्हती.

"एकटा!" मेरिल ओरडला. आवाज अगदी खुशीत होता.