ट्रॉलीतल्या सात चौकटी

"काहीतरी मागं राहिलं," मोबाईलमधून आरतीचा आवाज आला आणि वेशीपर्यंत गेलेला ट्रॅक्टर पुन्हा दारात येऊन उभा राहिला.

लंकाबाईनं मोबाईल गोधडीवर आपटला. सकाळपासूनची ही एकोणिसावी खेप. बावीस हंगाम ऊस तोडलेली बाई, आणि एवढ्याशा मोबाईलमधला ट्रॅक्टर तिला वेस ओलांडू देईना! संताप नुसता.

ही गेम आरतीनं बनवलेली. आरती म्हणजे लंकाबाईची एकुलती एक लेक, नगरला कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. हंगामभर आजीपाशी गावात राहिली, शाळा बुडवली नाही, म्हणून आज ही अक्कल, असं लंकाबाई चारचौघींत मान ताठ करून सांगायची. गेम सोमवारी कॉलेजात दाखवायची होती, त्यावर वर्षाचा निकाल. पण पोरीनं शुक्रवारी फोनवर निक्षून सांगितलं होतं, "आई, तुझ्याच्यानं पुरी झाली तरच दाखवीन. न्हाई तर पुसून टाकीन."

आज रविवार. चार वाजून गेले होते.

खेळ तसा पोरखेळच. पाथर्डीकडं असतं तसं पत्र्याचं घर. हिरव्या लुगड्यातली बाई, तिचं नावही लंकाच. दसरा सरलाय, मुकादमाचा ट्रॅक्टर दारात उभा आहे, आणि ट्रॉलीत या घराच्या वाट्याला सात चौकटी आहेत. वस्तूवर बोट ठेवलं की बाई ती उचलून चौकटीत ठेवते आणि तिची ताकद वाढते. मग 'निघा' दाबायचं. पुढच्या पायऱ्यांना मात्र कुलपं होती. राहायला पाचटाची कोपी बांधणं, तोड, मोळ्या, गाडी भरणं, सगळं कुलपात. "उसापत्तुर तर पोचू दे मला, मग दावते," असं ती त्या कुलपांना कितीदा तरी म्हणाली होती.

"कोयते घेतले का?" आसारामनं ओट्यावरून विचारलं. संसाराची तीस वर्षं नवऱ्यानं असेच प्रश्न विचारण्यात घालवली होती.

"पयले कोयतेच घेते. मंग धार लावायची कानस, पीठ, भांडी, ताडपत्री, गोधड्या, पान्याचा ड्रम. झाले सात."

"कोंबड्या?"

तिनं ड्रम उतरवून कोंबड्या चढवल्या. काहीतरी मागं राहिलं. कोंबड्या उतरवून मीठमिरची घेतली. काहीतरी मागं राहिलं. मग एकदम तिच्या डोक्यात लख्ख पडलं. देव! देव्हाऱ्यातले टाक राहिले असणार. तिनं पडद्यालाच हात जोडले, मीठमिरची उतरवून देव चढवले, 'निघा' दाबलं.

"काहीतरी मागं राहिलं."

"देवाला घेऊन बी हिचं भागंना!" लंकाबाई ओरडली. कोयत्यानं घट्टे पडलेलं बोट पडद्यावर धड उमटतही नव्हतं. एकेका वस्तूला तीनतीनदा टोचावं लागे. त्या नादात ते भलतीकडंच पडलं, लिंबाखालच्या कुत्र्यावर.

"जागा नाही," आरतीचा आवाज म्हणाला.

मग कोंबड्यांवर. "जागा नाही." मग उंबऱ्यावर उभ्या फ्रॉकवाल्या पोरीवर. "जागा नाही."

"बघा, ज्याला त्याला हेच. बिघडलीया ही," तिनं आसारामला सांगितलं आणि आरतीला फोन लावला.

"आगं, काय राहिलंय ते सांग की बाई. डोकं फिरायची येळ आली."

"मी न्हाई सांगणार, आई."

"उद्या साहेबाफुडं काय दावशील मंग? वरीस वाया घालवती का? आमी काय त्याच्यासाठी राबलो?"

आरती म्हणाली, "तू कर. तुला जमंल."

"बावीस वरसं गेल्ते तोडीला. एक चमचा मागं ठेवला न्हाई कधी."

"मला ठावं हाय. कानससुदिक फडक्यात बांधून न्यायचीस. मी बघत असायचे ना."

"मंग!" लंकाबाई म्हणाली. पोरीनं निदान एवढं तरी कबूल केलं, याचं तिला बरं वाटलं. फोन ठेवल्यावर तेही वाटेनासं झालं. पाच वाजले होते. आपल्या अडाणीपणापायी लेकीचं वर्ष जाणार, या विचारानं तिला रडू फुटायला आलं, आणि रडू आलं की तिला राग यायचा.

"घ्या मंग! न्हाई न्यायचं काईच!"

तिनं भराभरा ट्रॉली उपसायला घेतली. देव देव्हाऱ्यात गेले. गोधड्या, ताडपत्री, भांडी, पीठ, कानस सगळं अंगणात. बाईची ताकद उतरत उतरत तळाला आली. राहिले कोयते. तिथं तिचं बोट थबकलं. कोयत्याशिवाय ट्रॅक्टरवर चढायचं, असं बावीस वर्षांत कधी झालं नव्हतं. तिनं तेही खाली टाकले.

सातही चौकटी रिकाम्या. ट्रॅक्टर भोंगा वाजवत होता. अंगणभर पसारा आणि त्या पसाऱ्याच्या मागं, उंबऱ्यावर, ती फ्रॉकवाली पोर तशीच ट्रॉलीकडं बघत उभी.

"आता तूच तेवढी राहिली," लंकाबाई वैतागून म्हणाली आणि तिनं पोरीला बोट टोचलं. "चल, बस तू बी."

पोर उंबऱ्यावरून हलली. पसाऱ्यातून वाट काढत पळत आली, ट्रॉलीत चढली आणि हिरव्या लुगड्याला बिलगून बसली. 'निघा' कुणी दाबलंच नाही, तरी ट्रॅक्टर सुरू झाला. लिंब मागं पडला, घर मागं पडलं, वेस मागं पडली.

"आई," आरतीचा आवाज आला, "आता काही मागं राहिलं नाही."