गालावरचा हात

वर्तनोपचार केंद्रातल्या ताई भिंतीवरचा आलेख येईल त्याला कौतुकानं दाखवत. सहा वर्षांची एक अबोल मुलगी सारखी गालावर थपडा मारून घ्यायची. ताई तिकडे काणाडोळा करत आणि तिनं हात मांडीवर ठेवला की तळव्यावर सोनेरी चांदणी चिकटवत. महिन्याभरात थपडांची रेघ तळाला टेकली. आज आईनं तिला बसवलं आणि पुडीतली किडलेली दाढ दाखवली. “काल काढली. डॉक्टर म्हणाले, पोरीनं फार सोसलंय. अहो ताई, मला आईला कळलं नाही, तिथे तुम्ही काय करणार?” वागणं बदलण्याआधी दुखणं तपासा, हे ताई दरवर्षी नव्या शिक्षिकांकडून घोकून घेत. ‘चूक माझी आहे’ एवढं म्हणायलाही जीभ रेटेना. तेवढ्यात मुलीचा हात सुजलेल्या गालाकडे गेला. ताईंना पाहताच तिनं तो झटकन मांडीवर दाबला आणि चांदणीसाठी दुसरा तळवा पुढे केला.