सुटे नाहीत

टोल होता पाच मिनिटांच्या आठवणीचा. दत्ताराम खोतांनी दाढ काढल्याची आठवण दिली, ती निघाली पाऊण तासाची.

"उरलेली चाळीस मिनिटं परत द्या," ते गुरगुरले.

"सुटे नाहीत, काका. हे घ्या." दुकानदार गोळी हातावर ठेवतो, तशी खिडकीतल्या मुलीने कुणाची तरी आठवण त्यांच्या डोक्यात सोडली.

इस्पितळातली खाट. 'बाबा' म्हणता म्हणता एका तरुण मुलीचा हात त्यांच्या हातात गार पडला.

खोतांनी काचेवर मूठ आपटली. "कुणाचं आहे हे?"

"मघाच्या गाडीवाल्याचं. तिथूनच येत होता. त्याच्याकडेही सुटे नव्हते."

खोत दात-ओठ खात निघाले. तो बाप पुढे कुठेतरी लेकीला फोन लावत असेल, आणि उचलत नाही म्हणून तिच्यावरच चिडत असेल.